चाकात नव्वद, छातीत एकशेवीस

हवेच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!

हे वाक्य मी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या उचगावच्या घरात, हॉलच्या मधोमध, हातात सायकलचा पंप धरून उच्चारलं. समोर दोन साक्षीदार होते. एक माझी बायको शिवगंगा, दुसरी तिची थोरली बहीण आक्का. दोघीही अजून ठणठणीत आहेत, त्यामुळं मला नाकबूलही करता येत नाही.

आणि का म्हणू नये हो? मी गुरुप्रसाद, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मापं काढणं हाच माझा धंदा. केसाएवढा फरक निघाला तरी मी माल परत पाठवतो. घरीसुद्धा चहात साखर जास्त झाली की मी 'रिजेक्ट!' म्हणतो आणि मग स्वतःचा चहा स्वतः करून पितो.

तर शर्यत होती महिलांची. कोल्हापुरात रंकाळा तलावावरून निघायचं, राधानगरी रस्त्यानं भोगावतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या पाच जणी जिल्ह्याच्या संघात जाणार आणि तिथून राज्य स्पर्धेला. शिवगंगा उचगावातच शाळेत गणित शिकवते. कॉलेजात होती तेव्हा जिल्हाभर सायकलीसाठी नाव होतं तिचं. विद्यापीठाच्या संघात निवडही झालेली. पण ज्या दिवशी ती शर्यत होती, त्याच दिवशी ती डोक्यावर अक्षता घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तारीख आमच्या थोरल्यांनी काढलेली, मला काही पत्ताच नव्हता. त्यानंतर संसार, नोकरी, सासू, सासरे, पोरगा. पोरगा पुण्याला शिकायला गेला आणि गेल्या दिवाळीत बाईंनी स्वतःच्या पगारातून सायकल आणली. रोज पहाटे उठून सराव. चेहऱ्यावर मी लग्नाआधी फक्त फोटोत पाहिलेलं तेज!

"तुम्ही फक्त हवा बघा," ती म्हणाली. "पुढंमागं दोन्ही चाकांत नव्वद. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

एवढंच काम! मी गेज लावून बरोब्बर नव्वद पीएसआय हवा भरली. गेज म्हणजे हवेचा दाब मोजायचं घड्याळ. माझ्याकडचं तर कारखान्यात तपासून आणलेलं. काम फत्ते. आता शांत झोपायचं की नाही? पण मी मोबाईल उघडला.

मोबाईलवर लिहिलं होतं, थंडीत चाकातला दाब उतरतो, उन्हात चढतो.

झालं! फेब्रुवारी महिना. पहाटे रंकाळ्यावर दात वाजतात आणि अकरा वाजता डांबरावर अंडं फुटलं तर आम्लेट होईल. म्हणजे माझं नव्वद हे नव्वद राहणारच नव्हतं! रात्रभर मी कूस बदलत होतो आणि प्रत्येक कुशीला आकडा बदलत होता.

सकाळी रंकाळ्यावर पोचलो तर पाण्यावरून वारा असा येत होता की कानाच्या पाळ्या गळून पडतील. शिवगंगा नंबर घ्यायला गेली. तेवीस नंबर मिळाला. सगळ्या जणींना आयोजकांनी एकसारखे नारिंगी टी-शर्ट वाटले होते. ती टी-शर्ट चढवून अंग मोकळं करायला रंकाळ्याच्या काठानं पळत गेली आणि मी गेज काढलं.

श्याऐंशी!

"आक्का!" मी ओरडलो. "चार उतरली!"

आक्का संकेश्वरची. शिवगंगाला ती 'तंगी' म्हणते, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आणि मला 'पावणं'. हळू बोलणं हा प्रकार तिला माहीत नाही.

"कोण उतरलं, पावणं? चहावाला आला व्हय?"

"हवा उतरली! थंडीनं!"

खात्री करायला मी पुन्हा गेज लावलं. फुस्स. पंच्याऐंशी. पुन्हा लावलं. फुस्स. त्र्याऐंशी! माझ्या कपाळाला त्या थंडीतही घाम आला. बघताबघता हवा उतरत होती! आता तुम्ही शहाणे आहात, तुमच्या लक्षात आलं असेल की प्रत्येक वेळी गेज लावताना जे फुस्स होत होतं, ती चाकातलीच हवा होती. माझ्या लक्षात ती एक्क्याऐंशीला आली. म्हणजे थंडीनं चार खाल्ली होती आणि बाकीची मी.

शिवगंगा एक फेरी मारून आली. "हवा?"

"एकदम ओके!" मी म्हणालो. आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता.

ती दुसऱ्या फेरीला वळली आणि मी पंपाला लटकलो. थंडीचा हिशोब धरून जरा वरच असू दे म्हणून त्र्याण्णव भरली. तेवढ्यात माईकवर घोषणा झाली. माईक होता जोतीराम नावाच्या आयोजकाकडं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर फेटा, आणि आवाज असा की माईक उगाच धरलाय असं वाटावं.

"सगळ्या सायकली रांगेत लावा! लावल्यावर हलवायच्या न्हाईत! प्रमुख पाहुणं पाच मिनटांत पोचत्यात!"

सायकली रांगेत लागल्या. पाहुणे काही पोचले नाहीत. ऊन मात्र पोचलं.

आधी कोवळं होतं, मग चटका बसू लागला. शिवगंगा अंग गार पडू नये म्हणून काठानं फेऱ्या मारतच होती. बाकीच्या सायकलींवर पाहुण्यांच्याच स्वागताच्या फ्लेक्सची सावली होती. नेमकी आमची तेवीस नंबर आणि तिच्या शेजारची एक, अशा दोनच सायकली सावलीच्या बाहेर! काळं डांबर, काळं टायर, वर सूर्य. मी गेज लावलं. सत्त्याण्णव. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. एकशे एक!

मंडळी, त्या क्षणी मला डोळ्यांसमोर धडाड्धूम दिसलं. वाटेतल्या पुईखडीच्या उतारावर चाक फुटलंय, शिवगंगा उसाच्या ट्रॉलीखाली आणि लोक विचारताहेत, 'हवा कुणी भरली होती?'

"आक्का, चादर!"

आक्कानं बसायला सोलापुरी चादर आणली होती. ती पुढच्या चाकावर टाकली. मागच्या चाकावर छत्री धरली. तेवढ्यानं भागेना म्हणून आक्कानं बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतून टायरला घड्या ठेवायला सुरुवात केली. तापात फणफणलेल्या पोराला ठेवतात तशा!

शेजारच्या सायकलीची मालकीण, प्रेरणा नावाची विशीतली मुलगी, हे सगळं बघत होती.

"काका, उन्हानं टायर खरंच फुटतं?"

"फुटतं म्हणजे? बॉम्ब!" मी म्हणालो. "परवा एका ठिकाणी फुटलं तर माणूस नारळाच्या झाडावर सापडला!"

हे मी कुठं वाचलं होतं ते विचारू नका. कुठंच वाचलं नव्हतं. भीती वाटली की माझी जीभ अशी रंगात येते. पोरगी पांढरीफटक पडली, घाईनं खाली बसली आणि तिनं स्वतःच्या चाकांतली हवा सोडायला घेतली. मीही माझ्या चाकांतली सोडत होतो. दोघं शेजारी बसून फुस्स फुस्स करत होतो.

इतक्यात एक बघ्या आला. "पावणं, काय झालंय सायकलीला?"

"तापलीय," मी म्हणालो.

"कुणी चालवली?"

"कुणी नाही. उभ्या उभ्या तापलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, चादरीकडं बघितलं, ओल्या टॉवेलकडं बघितलं. तो मागं सरला आणि दुसऱ्याच्या कानाला लागला. "न चालवता तापलीया गा. आत कायतरी हाय." दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. रांगेच्या पलीकडच्या टोकाला बातमी पोचेपर्यंत ती पूर्ण तयार झाली होती. तेवीस नंबरच्या सायकलीत चोरून मोटर बसवलीया!

शिट्टी वाजली. जोतीराम समितीची दोन माणसं घेऊन समोर उभा.

"ही सायकल तापती?"

"तापते."

"पाणी कशाला मारताय?"

"थंड करायला."

"आणि चादर?"

"दिसू नये म्हणून. म्हणजे, उन्हाला दिसू नये म्हणून!"

गर्दीतून 'हांऽऽ' असा आवाज आला. कोर्टात आरोपीनं गुन्हा कबूल केल्यावर येतो तसा.

"अहो, साधी गोष्ट आहे," मी गडबडीनं म्हणालो. "ऊन वाढलं की आतला दाब वाढतो. आणि दाब वाढला की—"

"दाबाची भाषा आमच्याकडं न्हाय करायची!" जोतीराम गरजला. "ही समिती कुणाच्या दाबाखाली येत न्हाय! खोला रे सायकल!"

"माझ्या तंगीच्या सायकलीला हात लावशील तर बघ!" आक्का छत्री उगारून आडवी आली. पण छत्री उगारल्यामुळं मागचं चाक उन्हात पडलं आणि मीच ओरडलो, "आक्का, छत्री चाकावर धरा!" आमचा बचाव तिथंच कोसळला.

त्यांनी सीट उपसली, दांड्यात डोळा लावून बघितलं. चाकं काढली, हवा पूर्ण सोडली, टायर उचकटून आत बोट फिरवलं. मोटर कुठली निघतीय? मी सुटे भाग मोजत होतो. मोटर सापडली नाही तरी सायकल कोण जोडणार? आणि बाद ठरवली तर? बाईंनी एवढ्या वर्षांनी एक गोष्ट मागितली होती माझ्याकडं. एकच. ती सुद्धा हवा!

"ही माझी सायकल आहे?"

मी मागं वळलो. शिवगंगा उभी होती. घामानं चेहरा चमकत होता. तिच्यासमोर एक दांडा, दोन चाकं, एक सीट, एक चादर, एक ओला टॉवेल आणि एक नवरा पडला होता.

त्याच क्षणाला गाड्यांचे हॉर्न वाजले. प्रमुख पाहुणे, यायला एवढा वेळ लावलेले ते पाहुणे, नेमके तेव्हाच पोचले!

"मोटर सापडली न्हाय," जोतीराम घसा साफ करत म्हणाला. "स्पर्धकाला भाग घेता येईल. पण थांबता येणार न्हाय. सत्कार झाला की लगेच झेंडा!"

सत्कार! आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हात जोडून म्हणालो की सत्कार लांबू दे. देव पावला. पाच हार, तीन फेटे, एक भाषण. तेवढ्यात शिवगंगानं टायर बसवलं, चाकं अडकवली, सीट ठोकली. मी पंप पुढं केला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः हवा भरली. अंगठ्यानं टायर दाबून बघितलं.

"गेज लावू?" मी चाचरत विचारलं.

"खिशात ठेवा."

"पण ऊन वाढतंय, एकशे एक झाली होती, फुटलं तर—"

तिनं टायरची बाजू माझ्या नाकासमोर फिरवली. रबरावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, कमाल एकशेवीस. एकशेवीसपर्यंत काही होणार नव्हतं! ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना 'आधी छापील माप वाचा' म्हणून झापलं, त्यानं ते वाचलंच नव्हतं.

झेंडा पडला. नारिंगी लाट राधानगरी रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

मी आणि आक्का कठड्यावर बसलो. तिनं मला चिवडा दिला. मी त्यातले शेंगदाणे मोजत बसलो. वाऱ्याची झुळूक आली की मला वाटे, दाब उतरला. ऊन लागलं की वाटे, चढला. माझ्या स्वतःच्या छातीला गेज लावलं असतं तर काटा तुटून पडला असता.

आणि मग तो माईक!

"भोगावतीस्नं परतताना पुईखडीच्या चढावर एक स्पर्धक थांबलेली हाय. चाकात हवा न्हाय. बाकीच्या मागनं येत्यात!"

"तीच!" मी उडी मारली. "आक्का, चला!"

माझी स्कूटर, मागं आक्का, तिच्या हातात भाल्यासारखा उभा धरलेला पंप. "सरका! सरका की वो!" असं ती मागून ओरडत होती आणि अख्खा रस्ता सरकत होता. मी मनात एकच वाक्य घोकत होतो: भांडू दे, बोलू दे, जन्मभर ऐकवू दे, पण ह्या वेळी तिची शर्यत चुकू नये.

चढाच्या मध्यावर झाडाखाली ती दिसली. नारिंगी टी-शर्ट, हेल्मेट, काळा गॉगल, चाकावर ओणवी. खांदे हलत होते. रडत होती! मी स्कूटर तशीच टाकली, गुडघे टेकले आणि पंप लावला.

"काही बोलू नकोस," मी चाकाकडंच बघत म्हणालो. तोंड वर करायची हिंमत कुणाला होती? "चूक माझी आहे. सगळी माझी. ऊन, थंडी, सगळं माझ्या डोक्यात होतं, चाकात काही नव्हतं. रडू नकोस. आता अशी हवा भरतो की पोचशील बघ."

तिनं एक हुंदका दिला.

"पावणं..." आक्का म्हणाली.

"आक्का, आत्ता नको! सत्तर झालंय!"

"अवो पावणं, ऐका की—"

"ऐंशी!"

पाठीमागून सायकलींचा एक घोळका सर्रकन गेला. त्यातून कुणीतरी ओरडलं, "अहोऽऽ!" आवाज ओळखीचा वाटला. पण मी पंच्याऐंशीला होतो. अशा वेळी माणूस वळून बघत नाही. श्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद! गेज लावलं. बरोब्बर नव्वद, ना कमी ना जास्त. दुसरं चाकही नव्वद. सकाळपासून पहिल्यांदा मला समाधानाचा श्वास आला.

"जा!" मी म्हणालो.

"थँक्यू काका!"

मंडळी, शिवगंगा मला अजून तरी काका म्हणत नाही.

मी मान वर केली. गॉगल बाजूला सारून प्रेरणा डोळे पुसत होती. "सकाळी तुम्ही म्हणालात ना, ऊन लागलं की फुटतं, म्हणून मी हवा सोडली. घाबरून जास्तच सुटली हो काका. मग चढावर चाक बसलंच." एवढं बोलून तिनं टांग टाकली आणि निघाली.

"तंगी आत्ताच गेली की वो पुढं!" आक्का कपाळाला हात लावून म्हणाली. "तुम्हाला हाक मारून गेली! कवापास्नं सांगतीया मी!"

आणि काय सांगू, चाक काय पळत होतं त्या पोरीचं! हवा भरणाऱ्या माणसाला अभिमान वाटावा आणि नवऱ्याला घाम फुटावा, दोन्ही मला एकाच वेळी झालं. आम्ही स्कूटरवरून मागं लागलो. पुढं उतार. मघाच्या घोळक्यातल्या चार जणी लांबवर निसटल्या होत्या. त्यांच्या मागं शिवगंगा, पाचवी. तिच्या मागं प्रेरणा. अंतर कमी होत होतं. "हळू जा गं पोरी!" असं मी ओरडलो हे मला कबूल आहे. आक्का मागून "तंगीऽऽ, मार पाय!" म्हणून पंप हवेत फिरवत होती. रंकाळ्याचं पाणी दिसलं, गर्दीचा आवाज आला, आणि अगदी शेवटच्या पट्टीजवळ दोघींची चाकं जोडीनं घुसली.

प्रेरणा पाचवी. शिवगंगा सहावी. एका चाकाचं अंतर.

शिवगंगा कठड्यावर बसून पाणी पीत होती. मी लांब उभा राहिलो. एवढा लांब की तिला ओरडायचं झालं तर सोयीचं पडावं. तिनं हातानं बोलावलं.

"किती भरलीत तिला?"

"नव्वद."

"बरोबर?"

"बरोब्बर."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पोरगी रडत होती का हो?"

"हो."

"मग बरं केलंत," ती म्हणाली. मग हेल्मेट काढून तिनं कपाळावरचे केस मागं सारले. मला वाटलं आता सुरू होईल. पण ती हसायलाच लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी चढावर जीव तोडून पाय मारतेय आणि बघते तर माझा नवरा दुसरीच्या चाकासमोर गुडघे टेकून माफी मागतोय!"

आक्कानं तिला मिठीत घेतलं. मी पण हसलो, जरा जपून.

तेवढ्यात जोतीरामनं निकाल वाचला. पाच जणी संघात, आणि सहावी राखीव. पण राखीवही संघाबरोबर राज्य स्पर्धेला जाणार! शिवगंगा उठून उभीच राहिली. एवढ्या वर्षांनी का होईना, संघाच्या गाडीत तिची जागा झाली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि सकाळपासून पहिल्यांदा कुठल्याही आकड्याचा विचार मनात आला नाही.

"संघाबरोबर सायकलींकडं बघायला एक माणूस न्यायचा हाय," जोतीराम पुढं म्हणाला. "कुणी नाव सुचवतंय का?"

प्रेरणानं ताडकन हात वर केला. "हे काका! ह्यांच्यासारखी हवा कुणी भरत नाही!"

लोक वळून माझ्याकडं बघू लागले. मी शर्ट खाली ओढला, छाती पुढं काढली.

"हरकत कुणाची?" जोतीरामनं विचारलं.

एकच हात वर गेला. माझ्या अगदी शेजारून. मनगटातल्या हिरव्या बांगड्या माझ्याच नावाच्या होत्या.

हरकत एकमतानं मंजूर झाली. टाळ्या आक्कानं वाजवल्या.